सांडव्यावरच्या गोण्या

वह्या मिटा. मोबाइल दप्तरात जाऊ द्या. आणि मागचे दोन बाक, खिडकीबाहेर काही नाही, इकडे बघा.

धरणभेटीचे तुमचे अहवाल मी वाचले. खरं सांगायचं तर एकच वाचला, बाकीचे चाळले. वेगळं वाचण्यासारखं त्यांत काही नव्हतंच. पहिल्याने 'सांडवा'चा 'सांदवा' केला आणि तो सांदवा शेवटच्या बाकापर्यंत कुठेही न अडता वाहत गेला. नकलेलाही अक्कल लागते म्हणतात. तुम्ही तेवढीही खर्च केली नाहीत.

निष्कर्षही सगळ्यांचा एकच. 'तपासणीअंती धरणाची स्थिती समाधानकारक आढळून आली. धरण लहान असून इतकी वर्षे टिकलेले असल्याने धोकाश्रेणी कमी ठेवण्यास हरकत नाही. उंची १५ मीटरपेक्षा कमी असल्याने धरण सुरक्षितता कायदा लागू होत नाही.' तीन वाक्यं आणि तिन्ही चूक. परीक्षेत तिन्ही चुकली तर मी शून्य देतो आणि विषय संपतो. इथे तो संपत नाही. उद्या तुमच्यातलाच कुणी शाखा अभियंता होईल, असाच कागद पुढे येईल, आणि हाच हात हीच तीन वाक्यं सवयीने लिहून मोकळा होईल. म्हणून आज तास संपला तरी कुणी उठायचं नाही.

पहिलं वाक्य घेऊ. स्थिती समाधानकारक. कशावरून?

उजव्या तीरावरच्या सांडव्याच्या माथ्यावर माती भरलेल्या सिमेंटच्या गोण्या रचलेल्या होत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक ओळ, गुडघ्याच्या खाली येईल एवढी उंच. फटींत चिखल लिंपलेला, वर गवत उगवून वाळलेलं, म्हणजे हे काम कालपरवाचं नाही. कुणीतरी रब्बीच्या दोन पाळ्या जास्त मिळाव्यात म्हणून फूटभर पाणी वाढवून घेतलंय. तुम्ही त्याच गोण्यांवर ओळीने उभे राहून फोटो काढलात. तो फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर आहे. आत एकाही पानावर गोण्यांचा उल्लेख नाही.

फळ्याकडे बघा. सांडव्यावरून जाणारा विसर्ग पाण्याच्या खोलीच्या दीड घाताच्या प्रमाणात असतो. हे तुम्ही पाठ केलंत, पेपरात लिहिलंत, गुण घेतलेत आणि वर्गाबाहेर पडताना इथेच ठेवून गेलात. समजा, मोठ्या पुरात सांडव्यावर १.२ मीटर पाणी चढायचं धरलंय. गोण्यांनी त्यातले ०.३ मीटर खाल्ले. राहिले ०.९. भागाकार ०.७५, त्याचा दीड घात ०.६५. जिथून शंभर घनमीटर जायचे तिथून आता पासष्टच जाणार. उरलेले पस्तीस जलाशयात चढत राहतील, मुक्तांतर, म्हणजे माथ्यापर्यंत राखलेली मोकळी उंची, गिळतील, आणि ते संपलं की धरणाच्या माथ्यावरून उतरतील. काँक्रीटचं धरण असा मार एखाद वेळेस सोसेल. मातीचं धरण सोसत नाही. पाणी माथ्यावरून उतरायला लागलं की खालच्या उतारावरची माती सुटते, घळ पडते, ती मागे मागे सरकत माथ्यापर्यंत येते, आणि मग थांबवणं कुणाच्या हातात राहत नाही. हे गणित सहावीच्या पोराला समजावता येईल. तुम्ही पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहात.

वाटलं असेल की चार गोण्यांनी काय होतंय. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं. धनिकांच्या एका क्लबाने ते मासेमारीसाठी आणि हौसेसाठी घेतलं. बग्ग्या नीट जाव्यात म्हणून माथा थोडा उतरवला. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या. तळातून पाणी सोडायचे नळ आधीच निघालेले होते, ते परत कुणी बसवले नाहीत. यातली एकेक गोष्ट किरकोळ वाटावी अशीच होती. ३१ मे १८८९ ला मोठा पाऊस झाला, जाळ्यांत काटक्या-कचरा अडकला, पाणी माथ्यावरून गेलं आणि खालचं जॉन्सटाउन शहर धुऊन निघालं. २,२०० हून अधिक माणसं मेली.

आपल्याकडचं हवं असेल तर गुजरातेतलं मोरबी घ्या. ११ ऑगस्ट १९७९. मच्छू-२ धरणावर सांडवा ज्या पुरासाठी बांधला होता, त्याहून कितीतरी मोठा पूर आला. दोन्ही बाजूंचे मातीचे बांध गेले आणि हजारो माणसं गेली. तिथे सांडवा मुळातच अपुरा पडला. तुमच्या धरणावर जेवढा आहे तेवढाही कुणीतरी बुजवत आणलाय आणि तुम्ही त्यावर पाय ठेवून हसताय.

आता पायथा. मातीच्या धरणातून पाणी पाझरणं हा दोष नाही, प्रत्येक मातीचं धरण पाझरतं. किती पाझरतं, ते वाढतंय का, आणि पाणी नितळ आहे की गढूळ, हे तीन प्रश्न विचारायचे असतात. नितळ पाणी नुसतं पाणी आणतं. गढूळ पाणी धरणाची माती घेऊन येतं. आतून माती निघत गेली की पोकळी होते, पोकळीची नळी होते, आणि ती जलाशयापर्यंत पोचली की धरण आतून फुटतं. हे मोजायला पायथ्याच्या गटारात व्ही-नॉच, म्हणजे व्ही आकाराची खाच, असतो. आपल्या धरणावर तो आहे. त्याच्या तोंडाशी गाळ आणि पाणकणीस एवढं माजलंय की पाणी खाचेतून जातच नाही, बाजूने वळसा घालून जातं. तरी तुमच्या तक्त्यात पाझराचा आकडा आहे! तो कुठून आला? गेल्या वर्षीच्या मुलांच्या अहवालातून. त्यांनी कुठून घेतला, ते मी त्यांना तेव्हाच विचारलं होतं. मागचे पाढे पंचावन्न.

खालच्या उतारावर बाभळी वाढल्यात. एकाच्या मते त्यामुळे 'परिसर निसर्गरम्य' झाला. बाभळीची मुळं भरावात खोल जातात. झाड मेलं की मूळ कुजतं आणि त्या जागी पाण्याला आयती वाट मिळते. शिवाय झाडोऱ्याआड ओल दिसत नाही, बिळं दिसत नाहीत. उतार साफ ठेवायचा तो दिसावा म्हणून.

आणि साठ्यातलं पाणी सोडायच्या विमोचकाचं दार. चौकीदारकाका तासभर तुमच्याबरोबर हिंडले. तुम्ही त्यांच्याकडे प्यायला पाणी मागितलंत, दुसरं काही विचारलं नाहीत. मी विचारलं. ते म्हणाले, "सर, गेट फिरवून बघितल्याला लई वर्सं झाली. दांड्याला गंज धरलाय, जोर केला तर तुटंल." याचा अर्थ लक्षात आला का? उद्या धरणाला तडा दिसला आणि साठा तातडीने उतरवायचा म्हटला, तर उतरवता येणार नाही. त्या धरणाचं सगळ्यात मोठं दुखणं एका माणसाला तोंडपाठ होतं आणि तो तुमच्या शेजारून चालत होता. पायजम्यातल्या माणसाला काय कळतंय, असं वाटलं असेल तर ती हवा आजच डोक्यातून काढा.

दुसरं वाक्य. 'लहान असून इतकी वर्षे टिकलेले, म्हणून धोकाश्रेणी कमी.' इथे तुम्ही दोन प्रश्नांची भेसळ केलीत. बैलाचं दावं किती कुजलंय, हा एक प्रश्न. बैलासमोर रिकामं माळरान आहे की शाळा सुटलेली पोरं, हा दुसरा. दावं नवंकोरं असलं तरी समोर पोरं आहेत ती आहेतच.

धरण किती आजारी आहे त्यासाठी वेगळी वर्गवारी आहे. पहिल्या वर्गात अशी धरणं, ज्यांच्यातल्या त्रुटी ताबडतोब दूर केल्या नाहीत तर धरण फुटू शकतं. दुसऱ्यात मोठ्या त्रुटी, ज्यांची दुरुस्ती तातडीने व्हायला हवी. तिसऱ्यात वर्षभरात उरकता येतील अशा किरकोळ दुरुस्त्या. पावसाळ्याआधीची आणि नंतरची तपासणी होते ती यासाठी. धोकाश्रेणी यातलं काहीच विचारत नाही. ती एवढंच विचारते: हे धरण फुटलंच, तर खाली कुणाचं काय जाईल? पुराच्या वाटेत घरं किती, शाळा-दवाखाना कुठे, पूल कोणता, पाण्याची योजना कोणती, पीक किती. कालच बांधून झालेलं, तिळमात्रही दोष नसलेलं धरणसुद्धा सर्वांत वरच्या धोकाश्रेणीत असू शकतं. आणि मोडकळीला आलेलं धरण निर्मनुष्य रानात असेल तर खालच्या श्रेणीत. ज्याचं दुखणंही मोठं आणि खाली वस्तीही मोठी, त्याच्याकडे आधी धावायचं. तुम्ही दुखणं बघितलं नाही, वस्ती बघितली नाही, आणि श्रेणी मात्र देऊन मोकळे झालात.

'लहान' म्हणजे काय, तेही ऐका. १९८५ चं भारतीय मानक ११२२३ धरणांची वर्गवारी साठ्यावरून आणि पाण्याच्या उंचीवरून करतं. साठा अर्धा ते १० दशलक्ष घनमीटर आणि पाण्याची उंची साडेसात ते १२ मीटर असेल तर धरण लहान. त्याचा सांडवा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी. तुम्ही एवढं वाचलंत आणि पुस्तक मिटलंत. खाली धोका विशेष जास्त असेल तर यापेक्षा मोठा पूर धरावा, हेही त्याच मानकात आहे. केंद्रीय जल आयोगाने २०२० मध्ये धोकाश्रेणीसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या खालच्या माणसांचाच विचार करायला लावतात. पाणी किती साठलंय यापेक्षा ते कुणाच्या अंगावर येणार, हे बघायचं असतं.

लहान साठ्याचं धरण काय करतं, हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या चिपळूण तालुक्याला विचारा. तिवऱ्याचं धरण. मातीचं, साठा अडीच दशलक्ष घनमीटरच्या आसपास. कोयनेशेजारी ठेवलं तर डबकं. आणि जुनं? २००० साली झालेलं, म्हणजे जेमतेम एकोणीस वर्षांचं. गळतीच्या तक्रारी गावाने आधीच केल्या होत्या. २ जुलै २०१९ च्या रात्री, लोक जेवून अंथरुणाला टेकायच्या वेळेला, ते फुटलं. खालची भेंदवाडी वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसांचा जीव गेला. साठ्याच्या मापाने ते धरण लहानच होतं आणि फुटल्यावरही लहानच राहिलं.

त्यानंतर राज्याच्या तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी खापर खेकड्यांवर फोडलं. महाराष्ट्र हसला, तुम्हीही हसला असाल. मला हसू आलं नाही. खेकडे बिळं करतात, घुशी करतात, ही गोष्ट खरीच आहे. पण खेकडे कोकणात धरणांच्या आधीपासून आहेत. त्यांनी बीळ करायचं आणि अभियंत्याने ते शोधून बुजवायचं, अशी कामाची वाटणी आहे. खेकड्यांनी त्यांचं काम केलं असेल तर प्रश्न उरतो तो दुसऱ्या पक्षाच्या कामाचा. आणि तुमचा उतारावरच्या बिळांचा रकाना? 'निरंक'. बाभळीच्या झाडोऱ्यात शिरून पाहिलंत कुणी? एकाच्या तरी पँटला कुसळ लागलं होतं का?

'इतकी वर्षे टिकलं' हेही कौतुक पुरे. आपलं धरण १९७२ च्या दुष्काळातलं. पोटासाठी खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या माणसांच्या कष्टातून उभं राहिलेलं. त्यांच्याबद्दल आदर ठेवा. पण तेव्हा भराव किती दाबला, गाभ्यात काळी माती कुठवर घातली, याचे कागद आज कुणाकडे सापडतात ते शोधून बघा. पन्नास पावसाळ्यांत माथा खचतो, दगडी पिचिंग ढासळतं, गाळ साचतो, लोखंड गंजतं. वय ही काही उद्याची हमी नसते. त्यात खालचं गावही पन्नास वर्षांत बदलतं. तेव्हा ओढ्याकाठी ज्वारी होती. आज तिथे प्लॉट पडलेत, मंगल कार्यालय आहे, आठवडी बाजार भरतो, इंग्रजी शाळेची बस उभी राहते. धरणाला हात न लावता त्याची धोकाश्रेणी चढलीय. ओढ्याकाठी घर बांधायला परवानगी देणाऱ्याने धरणवाल्याला विचारलं नाही, आणि धरणवाल्याने माथ्यावरून खाली वाकून पाहिलं नाही. तुमच्या सगळ्या फोटोंत मागे पाणी आहे. एकाही फोटोत गाव नाही.

वरच्या अंगालाही तुम्ही पाहिलं नाहीत. आपल्या धरणाच्या वर त्याच ओढ्यावर एक पाझर तलाव आहे. तो फुटला तर त्याचं पाणी कुठे येणार? पुणेकरांच्या नातवंडांनी तरी हा प्रश्न विसरू नये. १९६१ साली पानशेतचं मातीचं धरण पुरतं व्हायचं होतं, तरी पावसाळ्यात त्यात पाणी साठू दिलं गेलं. विमोचकाच्या दारांचं काम अर्धवट. त्यातून सुसाट सुटलेल्या पाण्याच्या हादऱ्यांनी वरचा भराव खचत गेला. जवानांनी वाळूची पोती रचून माथा सावरायचा प्रयत्न केला. १२ जुलैला सकाळी धरण फुटलं. तो लोंढा खाली खडकवासल्यावर आला. १८७९ साली पूर्ण झालेलं ते दगडी धरण ऐंशी वर्षं उभं होतं. त्या दिवशी तेही फुटलं, आणि पाणी पुण्याच्या पेठांत शिरलं. खडकवासल्यापुरतं बघणाऱ्याला ते समाधानकारकच वाटलं असतं. खोऱ्यातलं धरण एकटं तपासता येत नाही.

तिसरं वाक्य, कायद्याचं. धरण सुरक्षितता कायदा २०२१ चा, ३० डिसेंबर २०२१ पासून लागू. १५ मीटरपेक्षा उंच धरणांना तो लागू होतो, हे तुम्ही वाचलंत. पूर्णविरामाच्या पुढे का नाही वाचलंत? १० ते १५ मीटर उंचीचं धरण असेल आणि त्याची लांबी ५०० मीटर किंवा जास्त असेल, किंवा साठा १० लाख घनमीटर किंवा जास्त असेल, किंवा महत्तम पूर सेकंदाला २,००० घनमीटर किंवा जास्त असेल, किंवा पायाच अवघड असेल, तरीही तो लागू होतो. आपलं धरण तेरा मीटर उंच आहे आणि लांबी अर्ध्या किलोमीटरहून जास्त. हे दोन्ही आकडे तुमच्याच अहवालाच्या पहिल्या पानावर आहेत! दहाव्या पानावर तुम्ही म्हणता कायदा लागू नाही. पहिलं पान एकाने लिहिलं आणि दहावं दुसऱ्याने, हे मला कळतं. पण खालचं गाव दोघांच्या मध्ये पडतं.

कायदा लागू होतो म्हणजे काय होतं, तेही ऐकून ठेवा. धरणाच्या मालकाने पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करायची. प्रत्येक पुरात, पुरानंतर आणि भूकंपानंतरही करायची. आपत्कालीन कृती आराखडा करायचा: फुटलं तर पाणी कुठवर जाईल, किती वेळात पोचेल, कुणी कुणाला कळवायचं, लोकांनी कुठे जायचं. त्यासाठी कायद्याने पाच वर्षांची मुदत दिली, म्हणजे डिसेंबर २०२६ अखेर. विनाकारण निर्देश धुडकावले तर शिक्षा आहे, आणि त्यातून माणसं गेली तर दोन वर्षांपर्यंत कैद. महाराष्ट्रात देशात सगळ्यांत जास्त धरणं आहेत, दोन हजारांहून अधिक, आणि नाशिकला धरण सुरक्षितता संघटना आहे. पण नाशिकचा माणूस आपल्या ओढ्यावर रोज येणार नाही. त्याच्यापर्यंत जो कागद जाणार तो खालून, शाखा अभियंत्याच्या सहीने. कागदावर गोण्या नसतील तर त्याच्या लेखी सांडवा मोकळा आहे.

दोघातिघांचे ओठ हलताना दिसतायत. "सर, आम्ही अजून विद्यार्थी आहोत." मान्य. गोण्या दिसायला पदवी लागते का? "सर, निधीच नसतो." नसतो, खरंय. व्ही-नॉच साफ करायला एक खोरं आणि अर्धा तास लागतो. "सर, वरून दबाव येतो, शेतकरी गोण्या काढू देत नाहीत." तो शेतकरी मूर्ख नाही, पाण्याला तरसलेला आहे. त्याच्यासमोर बसून फळ्यावरचं ०.६५ समजावून सांगा. त्याचीच सून आणि नातवंडं ओढ्याकाठच्या प्लॉटवर राहतात. गोण्या काढायला तो तुमच्या आधी जाईल. समजावण्याआधीच दबावाचं रडगाणं गायचं, ही नोकरी लागण्याआधीच शिकलेली नोकरशाही झाली.

आता काम. अहवाल परत घ्या, सगळ्यांचे फेटाळलेत. रविवारी पुन्हा जायचं. या वेळी धरणाकडे शेवटी यायचं. आधी ओढ्याच्या पात्राने खाली पाच किलोमीटर चालायचं आणि पुराच्या वाटेतलं एकेक घर नकाशावर मांडायचं. शाळेत मुलं किती, दवाखान्यात खाटा किती, रात्री माणसं कुठे झोपतात आणि बाजाराच्या दिवशी कुठे असतात, सगळं विचारून लिहायचं. मग वरचा पाझर तलाव. मग धरण. सांडव्यावरच्या गोण्यांची उंची टेपने मोजायची, माथा कुठे किती खचलाय ते लेव्हल लावून घ्यायचं, बाभळींत शिरायचं, आणि चौकीदारकाकांशी बोलताना खाली बसून बोलायचं. धोकाश्रेणी सगळ्यांत शेवटी लिहायची, कारणांसकट.

नियम एकच. जो रकाना भराल त्याच्यासमोर ते कशाने मोजलं, कधी मोजलं आणि कुणी मोजलं हे लिहायचं. मोजलं नसेल तर रकाना कोरा सोडायचा. कोऱ्या रकान्यासाठी मी कुणाला नापास करणार नाही. न मोजता भरलेल्या एका रकान्यासाठी करीन, आणि त्या वेळी पालकांना घेऊन येऊ नका.